व्हाईस कोपराच्या उंचीला

मी फिटर. सरकारी मराठीत जोडारी. ३१ वर्षं आयटीआयमध्ये पोरांना कानस धरायला शिकवली आणि निवृत्त झालो. अडीच वर्षांचा असताना पोलिओ झाला, तेव्हापासून डाव्या पायात कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट. दहावीनंतरच्या शिक्षणाबद्दल, ट्रेनिंगबद्दल, अप्रेंटिसशिपबद्दल अपंग मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना काही विचारायचं असेल तर विचारा, असं संपादकांनी मागच्या अंकात छापलं आणि टपालाचा ढीग घरी आला. त्यातली सहा पत्रं इथे घेतली आहेत. नावं काढली आहेत, गावंही मोघम ठेवली आहेत.

कागदावर 'दिव्यांग' लिहायचं असतं. मी बोलताना 'अपंग' म्हणतो, जुनी सवय. ज्यांना खटकेल त्यांनी मनातल्या मनात बदलून वाचावं.

*

प्रश्न : माझा मुलगा जन्मापासून कर्णबधिर आहे. मूकबधिर शाळेतून यंदा दहावी देतोय. मशीनचं भारी वेड, घरातला बंद मिक्सर उघडून तासन्‌तास बसतो. फिटरला घालावं म्हणून आयटीआयत चौकशीला गेलो, तर खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "ऐकू येत नाही, मशीनमध्ये हात जाईल. शिवणकामाला घाला." आता घरचेही तेच म्हणतात. काय करू?
— एक आई, कराड तालुका

ताई, खिडकीवरच्या माणसाला अर्ज घ्यायला बसवलेलं असतं. मुलाचं नशीब सांगायचं काम त्याला कुणी दिलेलं नाही.

मिक्सरची ओळ वाचली आणि माझ्या बॅचमधला एक पोरगा आठवला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तोही पूर्ण बहिरा. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मीच घाबरलो होतो. त्याला ड्रिल मशीनवर उभा केला की मी दोन हातांवर थांबायचो. तिसऱ्या आठवड्यात त्याने चालू मशीन बंद केलं आणि मला खुणेने बोलावलं. बिटकडे बोट दाखवलं. मला काही दिसेना. मग त्याने माझा हात धरून मशीनच्या खांबावर ठेवला आणि मशीन सुरू केलं. खांब थरथरत होता. बिटची धार गेली होती. आम्ही ऐकणारी माणसं मशीन किंचाळेपर्यंत थांबतो. त्याच्या तळव्याला ते आधीच कळलं होतं.

मशीनवर त्याला अडचण आली नाही. अडचण आली थिअरीच्या तासाला, आणि ती माझ्यामुळे. मी फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता बोलायचो. फळ्यावरचं अक्षर न् अक्षर त्याच्या वहीत असायचं, त्यामुळे दीड महिना मला पत्ताच लागला नाही की माझ्या बोलण्यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाहीये. चाचणीत २५ पैकी ४ पडले तेव्हा ट्यूब पेटली. मग मी आधी लिहायचो, खडू खाली ठेवायचो, पोरांकडे वळायचो आणि मग बोलायचो. बाकीची पोरंही म्हणाली, सर, आता जरा कळायला लागलंय! वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले, त्यांना भरघोस मिशा. पोरगा ओठ वाचणार कुठून? शेवटी प्रश्न कागदावर लिहून दाखवले. पहिल्याच प्रश्नाला त्याने व्हर्निअर उचलून माप घेऊन दाखवलं.

धोका नाहीच असं मी म्हणणार नाही. पाठीमागून येणारी फोर्कलिफ्ट, डोक्यावरून जाणारी क्रेन, आगीची घंटा, या तिन्हींची मला काळजी असते. त्यावर उपायही साधे आहेत : घंटेसोबत लाल दिवा, कोपऱ्यावर आरसा, चालायच्या वाटेचे पिवळे पट्टे, आणि पहिल्या दिवशीच ठरवलेला एक जोडीदार. मागून जाऊन खांद्यावर हात टाकायचा नाही, समोरून यायचं, हे सगळ्या बॅचला सांगून ठेवायचं. फोर्जिंगच्या शॉपमध्ये, म्हणजे तापलं लोखंड ठोकायच्या विभागात, तर सगळेच कानात बोळे घालून उभे असतात. तिथे ऐकू येणारा कोण आणि न येणारा कोण?

आता कागदांचं. प्रत्येक ट्रेडचा अभ्यासक्रम केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाने छापलेला असतो. त्याच्या सुरुवातीच्या पानांवर कोणत्या अपंगत्वाच्या उमेदवाराला तो ट्रेड घेता येतो, याची एक ओळ असते. मुलाला जे दोन-तीन ट्रेड आवडतात त्यांचं ते पान काढून पिशवीत ठेवा. आयटीआयचा प्रवेश ऑनलाइन, केंद्रीय पद्धतीने, गुणांवर होतो. खिडकीवरच्या अंदाजावर होत नाही. तरीही कुणी नको म्हणालं तर भांडू नका. "बरं, एवढं लेखी द्या" म्हणा. तोंडाने नाही म्हणणारी बहुतेक माणसं कागद पुढे केला की साहेबांना विचारून येतो म्हणतात.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आजच अर्ज करा. प्रमाणपत्र द्यायला नियमात आता ३ महिन्यांपर्यंतची मुदत आहे, आणि प्रवेशाच्या फेऱ्या कुणासाठी थांबत नाहीत. कार्डावरच्या टक्क्यांनी मात्र घाबरून जाऊ नका. ४० टक्के हा आकडा सवलतींच्या दारात लागतो, अक्कल मोजायला नव्हे. महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याला वाचा-भाषेचं ४४-४५ टक्के अपंगत्व आहे म्हणून एमबीबीएसला अपात्र ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं की नुसत्या टक्क्यांवरून कुणाला बाद करता येणार नाही, त्या मुलाला ते शिक्षण झेपतं की नाही हे तपासावं लागेल. डॉक्टर व्हायला जो न्याय लागू होतो तो फिटर व्हायला का होऊ नये?

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. तुमच्या मुलाची खरी भाषा खुणांची आहे. छापील मराठी त्याला परकी वाटत असणार, आणि आयटीआयची पुस्तकं तर अशी की शॉपमध्ये 'टर्नर' म्हणतात आणि पुस्तकात 'कातारी' लिहितात, वेल्डरला 'संधाता'. आम्हालाच हसू येतं. जूनपर्यंत त्याच्याबरोबर बसून एक वही करा. डाव्या पानावर हत्याराचं चित्र, उजव्या पानावर शॉपमधलं नाव, पुस्तकी नाव आणि इंग्रजी नावाचा उच्चार. दीडशे-दोनशे हत्यारं झाली तरी पहिलं वर्ष निघतं. आणि प्रवेशाआधी त्याला एकदा वर्कशॉप दाखवून आणा. निदेशकांना, म्हणजे शिकवणाऱ्या सरांना भेटा, खिडकीला नको.

*

प्रश्न : आमचा मशीनिंगचा छोटा कारखाना आहे, ४५ माणसं. नियमाप्रमाणे अप्रेंटिस घ्यावे लागतात. यंदा आयटीआय झालेल्या एका पोलिओ झालेल्या मुलाचा अर्ज आलाय. चांगला वाटतो. उपकार म्हणून घ्यायला माझी ना नाही, पण काय काय खर्च करावा लागेल? आणि उद्या काही लागलं-बिगलं तर जबाबदारी कुणाची?
— एक लघुउद्योजक, कोल्हापूर

साहेब, आधी 'उपकार' शब्द खोडा. उपकार म्हणून घेतलेल्या पोराला तुम्ही काम सांगणार नाही, चुकला तर रागावणार नाही, आणि तो वर्षभर चहा पिऊन घरी जाईल. माझ्याबाबत हेच झालं आहे. माझ्या अप्रेंटिसशिपला ज्या कारखान्यात होतो (नाव कशाला?), तिथले फोरमन मनाने देवमाणूस. पहिल्याच दिवशी म्हणाले, "पाय असा, कशाला उभा राहतोस, स्टोअरमध्ये बस." बारा महिन्यांपैकी अकरा महिने मी गेटपास लिहिले. हाताला कानशीची सवय सुटली. शेवटच्या परीक्षेत जॉब, म्हणजे कानस मारून करायचा लोखंडी तुकडा, दिला तेव्हा सपाट पृष्ठभागाला गोलाई आली, नवशिक्याला येते तशी. परीक्षकाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती अजून आठवते. म्हणून पहिली विनंती : त्याला स्टोअरला, इन्स्पेक्शनच्या खुर्चीला, नाहीतर गेटवरच्या रजिस्टरला अडकवू नका. करार ज्या ट्रेडचा केलाय, ते काम त्याच्या हाताखालून गेलं पाहिजे. परीक्षा त्याचीच होते.

आता खर्च. फिटरच्या पहिल्या महिन्यात एक गोष्ट शिकवतात. व्हाईससमोर, म्हणजे बाकावरच्या जॉब आवळून धरणाऱ्या पकडीसमोर, ताठ उभं राहायचं, हात दुमडून मूठ हनुवटीला लावायची. कोपराचं टोक व्हाईसच्या जबड्यावर टेकलं की उंची बरोबर. उंच पोरगा आला की बाकाखाली लाकडी ठोकळे घालतो, बुटका आला की पायाखाली फळी देतो. याला आम्ही कधी सवलत म्हटलं नाही. कायद्यात ज्याला 'रीझनेबल अकोमोडेशन' म्हणतात, मराठीत वाजवी सोय म्हणू, ती बरीचशी एवढीच असते. तुमचा मुलगा बसून काम करणार असेल तर त्याचं कोपर खाली येतं, म्हणजे व्हाईस खाली घ्यायचा. एखादा बाक कापून कमी उंचीचा करा. तुमच्याच वेल्डरकडून पाठ टेकायला पट्टी असलेलं स्टूल करून घ्या. त्याला चाकं लावू नका, कानस मारताना मागे सरकतं.

पण विकत काही आणायच्या आधी त्याला एक दिवस शॉपमध्ये फिरवा आणि तो कुठे अडतो ते बघा. मला विचाराल तर मशीनपाशी तो कमीच अडेल. जमिनीवर सांडलेलं कूलंट, म्हणजे मशीन थंड ठेवणारं पाणी, बघा, कॅलिपरचा बूट त्यावर असा घसरतो की सांगता सोय नाही. संडास बघा. भारतीय पद्धतीचं एकच असेल तर हा मुलगा दिवसभर पाणी पिणार नाही, आणि उन्हाळ्यात दुपारी मशीनवर चक्कर येऊन पडला की सगळे म्हणतील, बघा, पोलिओवाल्याला नको म्हणालो होतो. एक कमोड बसवा, भिंतीला दोन दांडे लावा. मोठा खर्च झाला तर हाच होईल, आणि तुमच्या वयस्कर ऑपरेटरांचे गुडघे तुम्हाला दुवा देतील. शिवाय गेटपासून बसथांबा किती लांब आहे ते विचारा. पाळीच्या वेळेत दहा मिनिटं इकडेतिकडे केली तर त्याची एसटी मिळते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

शिडीवर चढायचं काम, जड कास्टिंग उचलून नेणं, ही कामं त्याला देऊ नका. बाकी कशाला नाही म्हणायचं ते त्याला विचारून ठरवा.

जबाबदारीचं म्हणाल, तर कामावर इजा झाली की भरपाईची जबाबदारी मालकाची असते. ती दोन्ही पाय धड असलेल्या अप्रेंटिससाठीही तितकीच आहे. शारीरिक पात्रतेचं कलम अप्रेंटिस कायद्यात आहे, ते पुढे करून पुष्कळ अर्ज मागे जातात. पण त्याच कलमात वेगवेगळ्या ट्रेडला आणि वेगवेगळ्या उमेदवारांना वेगळी मोजमापं लावायची मुभाही दिलेली आहे. तेवढी ओळ कुणी वाचत नाही.

हिशेबही सांगतो, तुम्ही धंद्याची माणसं. ३० किंवा जास्त माणसं असतील तर मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. ४५ वर म्हणजे किमान एक, जास्तीत जास्त सहा. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजनेत स्टायपेंडच्या २५ टक्के, महिना १,५०० रुपयांच्या मर्यादेत, सरकार थेट मुलाच्या खात्यात जमा करतं. त्याला इतरांइतकाच स्टायपेंड द्या, एक रुपया कमी नको. आणि २० किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी कारखान्यालाही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली 'समान संधी धोरण' लिहून ठेवावं लागतं. तुमच्या सीएला विचारा, बहुतेक त्याच्याही कानावर नसेल. अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर कराराची नोंदणी अडली तर तुमच्या भागातल्या बीटीआरआय सेंटरला, म्हणजे अप्रेंटिसांचं काम बघणाऱ्या सरकारी केंद्राला, जा. दुपारच्या जेवणाच्या आधी जा.

*

प्रश्न : मी पूर्ण अंध, बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला. दर परीक्षेला लेखनिकावरून वाद. कधी म्हणतात ही लेखनिक मुलगी फार हुशार दिसते, कधी म्हणतात जादा वेळ कुणी सांगितला. मागच्या वेळी माझी पहिली २५ मिनिटं यातच गेली.
— एक विद्यार्थी, सोलापूर

बाळा, वर्गावर येणाऱ्या सुपरवायझरला तुझ्याबद्दल काही सांगितलेलंच नसतं. त्याला सकाळी सव्वादहाला वर्ग मिळतो, साडेदहाला पेपर सुरू होतो. त्याच्यावर चिडून उपयोग नाही. वाद परीक्षेच्या दिवशी होत असेल तर महिनाभर आधीच तो मिटवायला हवा. परीक्षा विभागाकडे लेखी अर्ज दे, त्याची पोच घे, परवानगीचं पत्र घे, आणि त्या पत्राची झेरॉक्स हॉल तिकिटाला टाचून टाक. लेखनिकाला परीक्षेच्या आदल्या दिवशी केंद्रावर नेऊन केंद्रप्रमुखांना भेटव.

केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत भरपाईचा वेळ तासाला किमान २० मिनिटं ठरला. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. अंध उमेदवाराने मागितलं की लेखनिक द्यायचा, त्यासाठी सिव्हिल सर्जनचा वेगळा दाखला लागत नाही. लेखनिकाच्या शिक्षणाची अट मात्र अधूनमधून बदलते, म्हणून यंदाचं विद्यापीठाचं परिपत्रक वाचून मगच माणूस ठरव. २५ मिनिटं वाया गेली त्याची तक्रार त्याच दिवशी केंद्रप्रमुखांकडे लेखी द्यायला हवी होती. पुढच्या वेळी वाद झालाच तर लेखनिकाकडून उत्तरपत्रिकेवर पेपर किती वाजता हातात आला ती वेळ लिहून घे आणि सुपरवायझरची तिथे सही माग.

या निमित्ताने दुसऱ्यांसाठीही लिहितो. हात थरथरतो, लिहिताना बोटं आखडतात, पण प्रमाणपत्र ४० टक्क्यांच्या खाली आहे, अशा मुलांची तीन पत्रं आली आहेत. त्यांना २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे आणि त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ च्या सूचना आल्या. ४० टक्के नसले तरी लेखनिक मिळू शकतो. त्यांना मात्र सरकारी डॉक्टरांचा दाखला लागतो.

एक शिकवणारा म्हणून तुला थोडं रागावतो. लेखनिक आदल्या दिवशी शोधू नकोस. सांगून लिहून घेणं हीसुद्धा कला आहे. अकाउंट्सचा ताळेबंद तोंडाने सांगायचा म्हणजे कोणत्या रकान्यात, कोणत्या बाजूला, किती शून्यं, हे सगळं डोक्यात उभं करावं लागतं. त्याच मुलीबरोबर घरी किमान पाच जुने पेपर घड्याळ लावून सोडव. आणि एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, फुकट मिळतो, तो शिकायला घे. संगणकावर स्वतः उत्तरं टंकायचा पर्यायही केंद्राच्या सूचनांत आहे. ज्याला तो जमला त्याचे वाद निम्मे होतात.

*

प्रश्न : मी व्हीलचेअरवर आहे, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. लॅब दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट पुढच्या वर्षी होईल म्हणतात. आत्ता दादा किंवा शिपाईकाका उचलून नेतात. दादाला नोकरी लागली की काय?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

पत्राच्या शेवटी तू बारीक अक्षरात लिहिलं आहेस की सकाळपासून पाणी पीत नाहीस. मला सगळ्यात आधी तेच बोलायचं आहे. मूत्रमार्गाला संसर्ग झाला तर तुझं सेमिस्टर लिफ्टच्या आधी बुडेल. तळमजल्यावर व्हीलचेअर जाईल असं स्वच्छतागृह, ही तुझ्या अर्जातली पहिली मागणी असू दे. लिफ्ट दुसरी.

तिसरी मागणी वेळापत्रकाची, आणि तिला एक पैसा लागत नाही. लेक्चर कुठल्या मजल्यावर घ्यायचं हे कागदावर ठरतं, तो कागद बदलता येतो. तुमच्या वर्गाची सगळी लेक्चर तळमजल्याला आणा म्हण. लॅबचं तसं नाही. जड यंत्रं खाली येत नाहीत. पण प्रयोगांची यादी घेऊन लॅब असिस्टंटबरोबर बस. मल्टीमीटर, ब्रेडबोर्ड, मोजमापाची उपकरणं असले बरेच प्रयोग खालच्या एखाद्या खोलीत टेबलावर मांडता येतात. प्राचार्यांकडे 'मला वरच्या लॅबला जाता येत नाही' म्हणून जाण्यापेक्षा कोणते प्रयोग खाली होतील याची यादी हातात घेऊन गेलीस तर काम लवकर होतं. असं करायची जबाबदारी तुझी नाही, त्यांची आहे, हे मला माहीत आहे. पण वर्ष तुझं चाललंय.

उचलून नेणं ही सोय नव्हे. पडलीस तर कोण? शिवाय एखाद्या मुलीला कुणी कसं उचलावं हे तिनेच ठरवायचं असतं, आणि रोज रोज ते ठरवायला लागू नये. शिक्षणसंस्थेची इमारत आणि आवार अपंगांना वापरता येईल असं ठेवणं ही संस्थेची जबाबदारी आहे, २०१६ च्या कायद्याचं कलम १६ वाच. प्रवेशयोग्यतेचे नियम नुसते सल्ले म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राला सांगितलं आहे. अर्जात दोन्हींचा उल्लेख कर. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नकोस. महिनाभरात उत्तर नाही आलं तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, पुण्याला, तोच अर्ज पोचेच्या झेरॉक्ससह पाठव.

*

प्रश्न : मुलगी २१ वर्षांची, बौद्धिक अक्षमता. विशेष शाळा १८ ला संपली, तेव्हापासून घरीच. तिच्यासाठी काही ट्रेनिंग असतं का?
— एक पालक, चिपळूण

असतं, पण दारात चालून येत नाही. एक आठवडा घरात तिच्याकडे नीट बघा आणि लिहून ठेवा : कोणतं काम ती न सांगता दोनदा करते? भाकरीचं पीठ चाळते? कपड्यांच्या घड्या एकसारख्या घालते? भांडी जागच्या जागी लावते? ट्रेनिंग तिथून सुरू करायचं. मेणबत्त्या आणि कागदी पिशव्यांवर माझा फारसा विश्वास नाही. कार्यशाळांत तेच ते शिकवतात आणि दिवाळीनंतर माल पडून राहतो. बेकरी, हॉटेलचं लाँड्री काम, नर्सरीत रोपांच्या पिशव्या भरणं, काजूची प्रतवारी, तुमच्या कोकणात खरं गिऱ्हाईक असलेली कामं आहेत. खारघरला एनआयईपीआयडी या बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, तिथे एकदा तपासणी आणि सल्ला घेऊन या. ती सज्ञान आहे, त्यामुळे पुढे सह्या आणि करारांचा प्रश्न येईल. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कायदेशीर पालकत्व घेता येतं, त्याचीही चौकशी करून ठेवा.

पहिले दोन महिने दिवसाला दोनच तास कामाला पाठवा. आणि मोबदला तिच्याच हातात द्यायला सांगा, भले शंभर रुपये असोत.

*

प्रश्न : वय ३३, शिक्षण दहावी. दोन वर्षांपूर्वी मळणी यंत्रात उजवा हात कोपराखाली गेला. शेती आता भाऊ बघतो. संगणकाचं काही शिकावं म्हणतो, पण या वयात पोरांच्या रांगेत बसायचं का?
— एक शेतकरी, बार्शी तालुका

बसायचं. महाराष्ट्रात आयटीआयला किमान वय १४ आहे, कमाल वयाची अट नाही. माझ्या शेवटच्या बॅचला ४१ वर्षांचा एक गडी होता, पोरं त्याला 'काका' म्हणायची आणि त्याच्या डब्यावर टपून असायची. दहावीवर तुम्हाला कोपा, म्हणजे संगणक चालवायचा ट्रेड मिळू शकतो, एक वर्षाचा. पण पुढे अप्रेंटिसशिप करायची असेल तर घाई करा. सरकार स्टायपेंडचा वाटा ३५ वर्षांपर्यंतच्याच उमेदवाराला देतं. या वर्षीचा प्रवेश चुकवलात तर ते दार बंद होईल.

एका हाताने कीबोर्ड चालवायचा म्हणजे शिफ्ट आणि दुसरी कळ एकदम दाबायची पंचाईत. विंडोजमध्ये शिफ्ट पाचदा ओळीने दाबा, 'स्टिकी कीज' सुरू करायचं का असं विचारेल. होय म्हणा. मग एकेक कळ मागोमाग दाबली तरी चालते. माऊस डाव्या बाजूला घ्या आणि सेटिंगमध्ये बटणं उलटी करून घ्या. सुरुवातीचे तीन आठवडे मान आणि खांदा भरून येईल. कीबोर्ड मधोमध न ठेवता थोडा डावीकडे सरकवला की कमी होतं.

कृत्रिम हाताचं विचारलंय. घ्यायला हरकत नाही, मुंबईला हाजीअलीच्या केंद्रात अवयव बसवून देतात. पण तो मिळेपर्यंत शिक्षण थांबवू नका. मी कॅलिपर बदलायला गेलो की चार-चार महिने लागायचे आणि त्या काळात शाळा बुडायची, मला त्याचा अजून राग आहे.

आणखी एक काम, अर्जाच्याही आधीचं. तुमची बँकेतली सही उजव्या हाताची असणार. शाखेत जाऊन डाव्या हाताची नवी सही आणि अंगठा दोन्ही नोंदवून या. अपघाताचा आणि अपंगत्वाचा दाखला सोबत न्या. शिष्यवृत्ती असो नाहीतर स्टायपेंड, सगळं खात्यातच येतं, आणि सही जुळत नाही म्हणून पैसे अडकलेले मी पाहिले आहेत. बाजाराच्या दिवशी गर्दीत जाऊ नका, दुसऱ्या दिवशी जा.